चाळिसावी टाचणी

शिवणकाम करणाऱ्या बाईला सगळे टाचणीबाई म्हणायचे, हातापेक्षा जिभेमुळेच जास्त. टाचण्या खोचायच्या तिच्या छोट्या उशीवर चाळीस टाचण्या असत. कपडा गिऱ्हाइकाला देण्याआधी त्या मोजायच्या, ही आईने लावलेली शिस्त. शनिवारी मोजल्या तेव्हा एकोणचाळीस भरल्या आणि बाई गालातल्या गालात हसली. चाळिसावी तिनेच ठेवली होती, बाळाच्या बाप्तिस्म्याच्या झग्यात, मानेमागच्या लेसखाली.

बाळ म्हणजे धाकट्या बहिणीची नात. बाई इस्पितळात पडली असताना याच धाकटीने आईचं दुकान शिवणयंत्रासकट परस्पर विकलं होतं. अकरा वर्षं तोंड दाखवलं नाही, आणि आता कापड घेऊन दारात हजर!

"घरचंच काम आहे ताई, नीट कर हं."

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर चर्चमध्ये, चारचौघांसमोर पोर किंचाळलं पाहिजे. धाकटीच्या मिरवण्याचा पार विचका झाला पाहिजे.

रविवारी ती मुद्दाम पहिल्या बाकावर बसली. फादर सांगत होते, पाप माणसाला शिकावं लागत नाही, ते घेऊनच तो जन्माला येतो. हे बाईला कधीच पटलं नव्हतं. दूधपित्या जिवाचं कसलं आलंय पाप!

मग तिला आईचा आवडता किस्सा आठवला. चार वर्षांच्या थोरलीने, म्हणजे तिनेच, आईची मांडी बळकावणाऱ्या तान्ह्या धाकटीच्या दंडात टाचणी खुपसली होती. आई ते हसत सांगायची. तेव्हा कुठलं दुकान, आणि कुठला विश्वासघात? कुणी शिकवलं होतं?

डोक्यावर पाणी घालण्यासाठी धाकटी उभ्या धरलेल्या बाळाला आडवं करून त्याची मान हातावर टेकवणार, एवढ्यात बाई उठली.

"थांब! मान टेकवू नकोस."

तिने लेस उचकटून टाचणी काढली.

"राहिली होती."

धाकटीचा हात आपोआप स्वतःच्या दंडाकडे गेला. "राहिली, की ठेवलीस?"

"ठेवली होती. आणि दुकानाचं मी विसरलेले नाही."

धाकटी बाळाला छातीशी धरून दोन पावलं मागे सरकली. तिने आपल्याला असं घाबरावं, हे बाईला अकरा वर्षं हवं होतं. आता ते मिळालं, तर हातातली टाचणी कुठे ठेवावी हेच तिला सुचेना.