घाटावरच्या नावाड्याला इंजिन शिकवलं तेव्हा

चांद्याला जटपुरा गेटाच्या आत आमचं शिलाई मशीन दुरुस्त करायचं दुकान होतं. अब्बांच्या हाताखाली मी ते काम शिकलो आणि पुढे मोटारींच्या गॅरेजातही चार वर्षं काढली. त्यामुळे एका लाकडाच्या ठेकेदाराने कलकत्त्याहून नावेच्या मागे अडकवायचं इंजिन मागवलं, तेव्हा खोकं फोडायला त्याने मलाच बोलावलं. असलं इंजिन मीही पहिल्यांदाच पाहत होतो. सोबतच्या पुस्तकातली चित्रं बघत बघत दोन दिवसांत ते चालू केलं. ठेकेदार खूश झाला. म्हणाला, "आता अहेरीजवळच्या घाटावर जा. माझ्या नावाड्याले हे सांभाळाले शिकव. त्याले एकट्याले जमलं का तू मोकळा."

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आमच्या लग्नाला वर्ष झालं होतं आणि बायकोला सातवा महिना लागला होता. निघताना मी तिला म्हणालो, "पंधरा दिवसांत येतो." ती चुलीपुढे बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पंधरा म्हणजे पंधराच ना?"

घाट प्राणहितेवर होता. नावाडी साठीच्या पुढचा, काळा, हाडकुळा माणूस, ढिवर जातीचा. जन्मभर बांबूने नाव ढकललेली. त्याची झोपडी काठावरच होती, तिथे तो आणि त्याची बायको दोघंच राहत. एकुलता एक मुलगा कोळशाच्या खाणीत कामाला गेला होता आणि दोन पावसाळे घरी फिरकला नव्हता. माझी राहायची सोय त्यांच्याच पडवीत केलेली होती.

पहिल्या दिवशी मी इंजिन लाकडी घोडीवर उभं केलं आणि शिकवायला सुरुवात केली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, डब्यात घालून चांगलं हलवायचं, मगच टाकीत ओतायचं. नुसतं पेट्रोल घातलं तर इंजिन आतून जळतं. नावेला लावल्यावर दोन्ही पेच हाताने आवळायचे आणि वर एक दोरी बांधायची, पेच सुटला तरी इंजिन नदीत जाऊ नये म्हणून. चालू करायला दुसरी दोरी वरच्या चाकाला गुंडाळून ओढायची. चालू झालं की सगळ्यात आधी मागच्या छोट्या भोकातून पाण्याची धार येते का ते बघायचं. ती धार इंजिनाला थंड ठेवते. रेतीने किंवा शेवाळाने वाट बुजली तर धार थांबते. मग लगेच बंद करायचं.

"भाऊ, समजलं?" मी विचारलं.

"समजलं," तो म्हणाला.

पाण्यात फिरून नाव ढकलणाऱ्या पंख्यामागची पिन दाखवली तेव्हा तो बराच वेळ ती बोटांत फिरवत राहिला. मी सांगितलं, पंखा खडकावर आदळला की ही पिन तुटते. ती तुटावी म्हणूनच बनवलेली असते. ती नाही तुटली तर आतले दाते तुटतील.

"म्हंजे हे बिचारी सारं आपल्यावर घेते," तो म्हणाला.

इतक्या लवकर ही गोष्ट गॅरेजातल्या पोरांनाही कळली नव्हती. मला वाटलं, पंधरा दिवस लागायचेच नाहीत.

पंधराव्या दिवशी ठेकेदाराचा मुन्शी परीक्षा घ्यायला आला. म्हाताऱ्याने ऑइलच्या डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसतंच पेट्रोल टाकीत ओतू लागला. मी धावत जाऊन त्याचा हात धरला. मुन्शी म्हणाला, "मिस्त्री, आणखी थोडे दिवस राहा."

दुसऱ्या परीक्षेच्या वेळी पिन बदलताना ती त्याच्या बोटांतून निसटून नदीत पडली आणि दुसरी पिन त्याला काही केल्या बसवता येईना. तिसऱ्या वेळी पाण्याची धार थांबलेली असताना तो इंजिन चालवतच राहिला. जळका वास आला तेव्हा मीच बंद केलं. मुन्शी निघून गेला आणि मी रेतीत बसून राहिलो. म्हातारा शेजारी येऊन बसला.

"मले नाई जमून राह्यलं, मिस्तरी," तो म्हणाला. "बुढ्या माणसाच्या डोक्यात कुठी बसते हे?"

"जमेल, भाऊ," मी म्हणालो. पण मला रडायला येत होतं.

दोन महिने झाले होते. दिवस इंजिनात निघून जायचा. प्लग काढून घासायचा, खालच्या पेटीतलं ऑइल ताकासारखं पांढरं झालं का ते बघायचं, झालं असेल तर आत पाणी शिरलं म्हणून वायसर बदलायचं. संध्याकाळ मात्र सरत नसे. म्हातारी चूल पेटवायची आणि धूर पडवीत यायचा. आमच्या घरी ओली लाकडं पेटवताना माझी बायको खोकायची, तिचा तो खोकला मला आठवायचा. मी असताना फुंकणी मी घेत असे. आता कोण घेत असेल, पोट सांभाळून ती कशी वाकत असेल, असलेच विचार डोक्यात यायचे. जेवताना म्हातारा भरपूर बोलायचा. कोणत्या डोहात मरळ मिळते, पूर ओसरला की रेतीची दांडी कुठून कुठे सरकते, मुलाला पोहायला त्याने कसं शिकवलं. मी हूं हूं करायचो. ऐकत नव्हतो. आज त्यातलं एखादं वाक्य धड आठवावं म्हणून किती डोकं खाजवतो.

मग एके दिवशी सकाळीच मी अहेरीला पोस्टात गेलो. माझ्या नावाने पत्र येऊन पडलं होतं. मेव्हण्याने लिहिलं होतं: मुलगी झाली, आठ दिवस झाले, दोघी बऱ्या आहेत. बायकोने लिहायला लावलेलं एक वाक्य शेवटी होतं, की तुम्ही येईपर्यंत मुलीचं नाव ठेवणार नाही.

मी जवळपास पळतच परत आलो. घाटाच्या वरच्या दरडीवर पोचलो तर नदीच्या मध्यावर नाव थांबलेली. म्हातारा एकटाच होता. पंखा खडकाला लागला असणार. त्याने पेट्रोलचा कॉक बंद केला, इंजिन वर उचलून टेकवलं, तुटकी पिन काढली, कमरेच्या चंचीतून नवी काढून बसवली आणि पंखा हाताने फिरवून पाहिला. इंजिन खाली सोडून कॉक उघडला. एकाच ओढीत चालू केलं. मग वाकून मागची धार पाहिली, धारेखाली हात धरून पाणी किती गरम आहे तेसुद्धा पाहिलं. हे तर मी त्याला शिकवलंही नव्हतं.

पहिल्यांदा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आपला चेला तयार झाला असं वाटलं. मग हातातल्या पत्राची आठवण झाली.

नाव काठाला लागली तेव्हा मी पाण्याजवळ उभा होतो. त्याने मला पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

"कधीपासून येते हे तुमाले?" मी विचारलं.

त्याने तुटकी पिन चंचीत टाकली.

"मले पोरगी झाली, भाऊ. आठ दिवस झाले. अन् मी इथी तुमाले पिन बसवणं शिकवून राह्यलो."

तो नावेतच बसून होता. इंजिनावर हात ठेवून म्हणाला, "तुमी गेले का मंग हे मशीनच राहीन घरी. मशीन काही बोलत नाई."

"म्हणून मले फसवलं का?" मी म्हणालो. आणखी पुष्कळ बोललो. त्याच्या मुलाबद्दलही बोललो, मुलगा का येत नाही ते आता समजलं म्हणालो. ते बोलायला नको होतं. झोपडीच्या दारात म्हातारी उभी होती आणि तिने सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तोच मला सोडायला निघाला. आष्टीच्या पलीकडच्या काठावर चांद्याची मोटार मिळे. तिथवर उलट्या धारेने जायचं होतं. निघण्याआधी त्याने माझ्यासमोर ऑइल मापून मिसळलं, डबा हलवला, पेच आवळले, दोरी बांधली. वाटेत दोनदा थांबून पाणी ओढायच्या जाळीवरची रेती काढली. एकही चूक केली नाही. मी वाटभर मुद्दाम समोर पाहत बसलो होतो.

उतरताना त्याने फडक्यात बांधलेलं एक गाठोडं माझ्या हातात दिलं. "बुढीनं देल्लं. बाळंतिणीसाठी." आत जंगलातला डिंक आणि चारोळी होती. मी गाठोडं घेतलं आणि मोटारीकडे निघालो. चढावर एकदा मागे पाहिलं. तो इंजिन वर टेकवून बांबूने नाव खोल पाण्याकडे ढकलत होता.

घरी पोचलो. मुलीला मांडीवर घेतलं आणि मग दोन दिवस मला काहीच सुचलं नाही. बायकोने त्या डिंकाचे लाडू केले. खाता खाता तिने विचारलं, "ज्यांनी हे धाडलं त्यांना तुम्ही काय देऊन आले?"

मी सगळं सांगितलं. फसवल्याचंही सांगितलं. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. ती मुलीचे पाय चोळत होती. म्हणाली, "पोरीला घेऊन एकदा जाऊन येऊ. त्यांना दाखवू."

मुलीला वर्ष होईपर्यंत थांबू म्हणालो. मग अब्बा आजारी पडले आणि दुकान माझ्यावर आलं. अखेर तीन वर्षांनी मी एकटाच गेलो. घाटावर दुसराच नावाडी होता, बांबू घेऊन. त्याने सांगितलं की म्हातारा इंजिन इतकं चांगलं ठेवायचा की ठेकेदाराने इंजिन आणि म्हातारा दोन्ही खाली सिरोंच्याच्या बाजूला नेले. म्हातारीही गेली. मुलगा आला होता का, विचारलं. त्याला माहीत नव्हतं. पडवी मोडली होती, चुलीचे तीन दगड तेवढे राहिले होते. मी तिथे परतीच्या मोटारीची वेळ होईपर्यंत बसलो.

सिरोंच्याला जायचं त्यानंतर दर हिवाळ्यात ठरत असे. एकदा कार्डही टाकलं, नावाडी, घाट, सिरोंचा, एवढाच पत्ता घालून. उत्तर आलं नाही. त्याला वाचता येत नव्हतं आणि कोणाकडून वाचून घेतलं असेल का, कळायला मार्ग नाही. माझी मुलगी आता स्वतः आई झाली आहे. तिने प्राणहिता अजून पाहिलेली नाही. बायको आता तो विषय काढत नाही. मीच कधी कधी दुपारी दुकानात काम नसलं की मनात त्या पडवीत जाऊन बसतो, आणि म्हातारा बोलू लागला की या वेळी नीट ऐकतो.