अजून न आलेलं साल

"सर, साल वाचा बरं!"

कामरगावच्या शाळेत मी रुजू झालो त्या दिवशी शिपाईदादांनी माझ्या तळहातावर एक नाणं ठेवलं. ॲल्युमिनियमचं, फुंकरीनं उडेल इतकं हलकं. एका बाजूला बाहुलीचं तोंड आणि आकडा २६०३.

मी गोंधळलो, तसे ते खुशीत हसले. "अजून आलंच नाई ते साल! माहा बाप लय पुढं जाऊन आला."

तुमच्याही कचेरीत असं कुणी असेल, नव्या माणसाला एकाच कोड्यानं जोखणारं. दादांचे वडील महायुद्ध संपल्यावर फौजेबरोबर जावा बेटावर गेले होते. जपान्यांनी बेट बळकावलं तेव्हा तिथल्यासाठी ही चिल्लर पाडली होती, जपानी कालगणनेतलं साल घालून. केळी विकणाऱ्या एका बाईनं त्यातलंच हे नाणं त्यांना सुटे म्हणून दिलं.

"जपानी गेले, नाणं कामातून गेलं. माह्या बापानं नाई फेकलं. त्याचा फोटो नाई सर आमच्यापाशी. हेच हाय."

शाळेत प्रदर्शन ठरलं तेव्हा मी ते नाणं मागितलं. दादा घुटमळले.

"मी आहे ना, दादा. संध्याकाळी तुमच्या हातात."

"तुमी म्हनता म्हनून देतो."

प्रमुख पाहुण्यांना नाणं फार आवडलं. मुख्याध्यापक माझ्या कानाशी लागले, "देऊन टाकू. नव्या खोल्यांचं काम त्यांच्याच हाती आहे." मी मान डोलावली.

सत्काराचं तबक नेहमीप्रमाणे दादांनीच धरलं होतं. शालीखालची डबी पाहुण्यांनी उघडली, नाणं वर करून दाखवलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. दादांनी माझ्याकडे पाहिलं; हातातलं तबक मात्र हललं नाही.

मांडव रिकामा झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मले आधी सांगतलं काहून नाई, सर?"

"मी मागून आणतो," म्हणालो. एकदाही गेलो नाही.

माझा चहा पुढेही वेळेवर येत राहिला, वर बशी झाकून.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांच्या प्रामाणिकपणावर मीच बोललो. नंतर त्यांनी शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे ठेवला, सोबत वहीतून फाडलेला कागद.

"किल्ल्या भेटल्या म्हनून लिवा. खाली सही करा."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडून कशाचीच सही घेतली नव्हती. मी लिहून दिलं. दादांनी कागद उभ्या उभ्या वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि सायकलवर टांग मारली.