गच्चीवर थांबायला शिकलेला सर्जन

त्या सकाळी पेशंट टेबलावर होता, भुलीचं औषध मी सिरिंजमध्ये भरून ठेवलं होतं आणि आम्ही सर्जनची, अविनाशची, वाट बघत होतो. आला तो त्याच्या घरून फोन. हृदयविकाराचा झटका... अविनाश गेला. सिस्टर रेखा भिंतीला टेकून खालीच बसल्या. पेशंटला मी ‘आज ऑपरेशन होणार नाही’ एवढंच सांगू शकले.

राजारामपुरीतल्या त्याच्या छोट्या हॉस्पिटलात मी वर्षानुवर्षं भूल देत आले. अवी माझा कॉलेजपासूनचा मित्र; सर्जन उत्तम, स्वभावानं उतावळा. मध्यंतरी एक बाई टेबलावरच गेली. दोष कुणाचाच नव्हता, पण अवी त्यातून सावरेना. जरा रक्त दिसलं की नस पकडायचा चिमटा घेऊन तुटून पडायचा. शेवटी म्हणाला, "बंद करतो हे सगळं." त्याची बायको, सुनंदावहिनी, कडाडल्या, "बंद करून भिंतीकडं बघत बसणार व्हय? त्यापेक्षा लहानपणी पाळायचा तशी कबुतरं पाळा की!"

त्यानं खरंच पाळली. मी चिडले. आम्हा डॉक्टरांना छंदाला वेळ नाही हे सांगण्यातच भूषण वाटतं ना! सिस्टरही त्याच्या घरी फोन करून टोमणे मारायच्या, "डॉक्टर, पेशंट इथं बसल्यात आणि तुम्ही गच्चीवर आभाळाकडं बघताय?" एका स्पर्धेला मीही त्याच्या गच्चीवर गेले होते. ज्याची कबुतरं जास्त वेळ हवेत राहतील तो जिंकणार, पण उतरायचं मात्र आपल्याच गच्चीवर. दिवस कलताना त्याचं शेवटचं पाखरू खाली येऊ लागलं आणि यानं अधीर होऊन हात हलवला. पाखरू बुजलं, शेजारच्या गच्चीवर जाऊन बसलं, झालं बाद! सगळे खिदळले. अवी हसला नाही. म्हणाला, "टेबलावर पण मी हेच करतोय की गं."

त्यानंतर तो रोज सकाळी गच्चीवर गप्प उभा राहायचा, पाखरं आपणहून उतरेपर्यंत. मग हॉस्पिटलात यायचा तो पूर्वीच्या उमेदीनं. तरी मला भरवसा वाटत नव्हता. अशात मलकापूरच्या रस्त्यावर अपघात झालेला एक तरुण शिक्षक आला. पोट उघडलं आणि रक्त उसळलं, कुठून येतंय तेच दिसेना. असिस्टंटनं चिमटा पुढं केला. अवीनं तो घेतला नाही. रक्त टिपायचा कपडा आत दाबला आणि हात तसाच ठेवला.

"अवी, प्रेशर पडतंय!"

"रक्त चढव. मी हलत न्हाय."

"अरे, जाईल तो..."

"आता आंधळा चिमटा मारला तर नक्की जाईल."

मॉनिटरवरचा आकडा आधी घसरला, अडला, मग हळूहळू वर सरकू लागला. तेव्हा कुठं त्यानं कपडा अलगद उचलला. फुटलेली नस समोर दिसत होती. ती बांधली. शिक्षक वाचला. हातमोजे काढताना अवी एवढंच म्हणाला, "उतरलं बघ पाखरू."

छंद म्हणजे कामातून पळवाट, असं मी समजत होते. अवी त्या कबुतरांमुळंच कामावर परत आला, हे आता मी कुणालाही ठणकावून सांगते. तो मला फार आठवतो...

गेल्या आठवड्यात त्याच थिएटरमध्ये नवा सर्जन उभा होता. रक्त अचानक वाढलं. मी ओरडले, "चिमटा नको, दाबून धर!" त्यानं धरलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"मॅडम, किती वेळ?"

"अवी सांगेल तोवर," मी बोलून गेले.

सिस्टर रेखांनी मान खाली घातली. त्या पोरसवदा सर्जननं मात्र हात हलवला नाही.