सासऱ्यांचा ब्रेक

चौथ्या मजल्यावरच्या सूनबाईंना अख्खी इमारत ‘गर्दीबाई’ म्हणते. त्यांचं कामच तसं. पालिकेच्या वाहतूक नियोजन खात्यात बसून त्या संगणकात सगळं शहर चालवतात. पडद्यावर हजारो ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक गाडी. पुढे कोंडी झाली की ठिपका आपल्या अकलेनं दुसरी वाट धरतो. इमारतीतल्या निम्म्या माणसांपेक्षा ठिपके शहाणे, पण हे बोलायची सोय नाही.

घरात मात्र एक ठिपका कुणाच्याच ताब्यात नव्हता, तो म्हणजे सासरे. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले, पण उजवा पाय अजून नोकरीत! समोर काही आडवं आलं की पाय दाणकन खाली, मग बसलेले गाडीत असोत की सोफ्यावर. लेकानं तर त्यांना गाडीत पुढे बसायची बंदीच घातली होती. “बाबा, ब्रेक तुम्ही मारता आणि घाम मला फुटतो!”

त्या आठवड्यात गर्दीबाईंना घास गोड लागत नव्हता. तीन वर्षं खपून उभं केलेलं मॉडेल एका चौकात खोटं पडत होतं. सकाळी सव्वाआठला खरी रांग पुलापर्यंत जाते आणि पडद्यावरचे ठिपके मागच्या गल्लीतून सटकून मोकळे! साहेबांनी सुनावलं होतं, “ज्या मॉडेलला आजची कोंडी दिसत नाही, ते दहा वर्षांनंतरची काय कप्पाळ सांगणार? शुक्रवारपर्यंत जुळवा, नाहीतर गुंडाळा.”

बुधवारी संध्याकाळी त्या जेवणाच्या टेबलावर ठिपके पळवत बसल्या होत्या. सासरे चहाचा कप घेऊन मागे उभे. ठिपके गल्लीकडे वळले मात्र, दाणकन पाय आपटला आणि चहा थेट सुनेच्या खांद्यावर.

“अहो बाबा! ही काय तुमची बस आहे?”

“अगं, पण गाड्या घालतेस कुठे? आठ ते साडेआठ तिथं बेकरीचा पिठाचा ट्रक आडवा असतो. पोती उतरेस्तोवर सायकलसुद्धा निघत नाही. कुठला शहाणा ड्रायव्हर वळेल तिकडे?”

गर्दीबाई खांदा पुसायचं विसरल्या. नकाशात गल्ली होती, तिची रुंदीही होती. ट्रक कुठून असणार?

दुसऱ्या दिवशी आठला त्या स्वतः गल्लीच्या तोंडाशी हजर. ट्रक आडवा, हमालांच्या भुवया पांढऱ्याफटक. ऑफिसात जाऊन त्यांनी तेवढा अर्धा तास मॉडेलमधली गल्ली बंद केली आणि पडद्यावरची रांग सरसरत पुलाला टेकली. कोंडी बघून आनंदानं रडलेली ही जगातली पहिलीच बाई असावी.

शुक्रवारी साहेबांनी मान डोलावली. शनिवारी गाडीची किल्ली सूनबाईंनी स्वतः घेतली. नवऱ्याला म्हणाल्या, “तू मागे बस.” आणि पुढचं दार उघडून उभ्या राहिल्या. “बाबा, या.”

“नको गं. माझा पाय माहितीये ना तुला...”

“त्याच पायानं माझी तीन वर्षं वाचवलीत. आज हवे तेवढे ब्रेक मारा.”

इमारतीचं फाटक ओलांडेपर्यंत त्यांनी चार मारले. आणि चारही वेळा सूनबाईंनी गाडी खरोखर थांबवली.