मागाच्या तालावर
आज शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासानं शाळेतला एक दिवस आठवला. आमच्या घरातच टॉवेल विणायचा माग होता, त्यालाही असंच तेल घालायचे. त्याच्या खटखटीच्या तालावर, घसा ताणून, मी ‘टेक, टुक, टेकन, म्हणजे घेणे’ असं पाठ केलं होतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकं तेच मला विचारलं. वर्ग चिडीचूप होता आणि त्या शांततेत मला पहिला शब्दही सापडेना. “म्हण की, तुला येतंय,” बाई हळूच म्हणाल्या, आणि मला रडूच फुटलं. गेल्या महिन्यात भंगारवाल्यानं तो माग नेला. काल बाबा म्हणाले, “घर लई गप झालंय बघ. झोपच लागंना. काय करू?” वर्गातल्यासारखी मी नुसती उभी राहिले.