दारातून दिसणारी खोली

काचवालीच्या पायाला भिंगरी आणि बोटांना मुंग्या, असं बाजारात सगळेच म्हणायचे. कपड्यांच्या दुकानांच्या दर्शनी काचा सजवणं हा तिचा धंदा. गिऱ्हाईक काचेबाहेर, आणि ही आत, अनवाणी, तोंडात चार टाचण्या धरून, पुतळ्याच्या पाठीमागे शर्टाला चिमटे घेत. समोरून शर्ट कसा अंगासरशी बसलेला! मागून बघाल तर साळिंदर. रंगीत कागदात बांधलेल्या खोक्यांत नुसती हवा. उभ्या रचलेल्या चादरी एकमेकींना चिकटपट्टीनं डकवलेल्या. तिला काम शिकवणारा म्हातारा उस्ताद म्हणायचा, "मागची बाजू कुणाच्या बापाला दिसते?" बावीस वर्षांत त्याचं म्हणणं एकदाही खोटं ठरलं नव्हतं.

आता तीच काचवाली शनिवारी दुपारी स्वतःच्या घरात शिडीवर चढली होती.

कारण साधं होतं. सोमवारी अकराला तपासनीस बाई येणार होत्या. नऊ वर्षांच्या लेकीला आणखी एक वर्ष घरी शिकवायला परवानगी द्यायची की शाळेत परत धाडायचं, हे त्या ठरवणार. मागच्या वर्षी त्या आल्या, दारातच उभ्या राहिल्या, पलंगावरचा कपड्यांचा ढीग बघितला आणि कागदावर लिहून गेल्या : "अभ्यासाचे वातावरण दिसत नाही. एक वर्ष पाहू."

दिसत नाही! दुसऱ्या कुणाला म्हणाल्या असत्या तर चाललं असतं. काचवालीला 'दिसत नाही' म्हणणं म्हणजे आचाऱ्याला अळणी म्हणणं. तो शब्द वर्षभर तिच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला होता.

"अगं, बाई मुलगी बघायला येतायत की उद्घाटनाला?" नवऱ्यानं खालून शिडी धरत विचारलं. तो लिफ्टचा मेकॅनिक. कुठल्याही गोष्टीकडे तो खालून वर बघायचा आणि मग मान हलवायचा.

"तुम्ही नुसती शिडी धरा."

"धरलीय की. तोंड मोकळं आहे म्हणून बोलतोय."

"त्यात टाचण्या धरा मग."

त्यानं निमूट हात पुढे केला.

खोलीचा कायापालट होत होता, यात शंका नाही. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता, त्याच्या बाजूला झाडाच्या भागांचा, वर सूर्यमाला. टेबलावर नव्या वर्षाची नवी कोरी पुस्तकं, मोठ्यावर लहान, पायऱ्यापायऱ्यांनी. पेन्सिली उंचीनुसार. छताला तंगुसानं, त्या पारदर्शक नायलॉनच्या दोरीनं, टांगलेला पृथ्वीचा गोल, जणू हवेतच तरंगतोय. दर पाच मिनिटांनी ती शिडीवरून उतरायची, दाराबाहेर जाऊन उभी राहायची, डोळे बारीक करायची, परत आत यायची आणि काहीतरी दोन बोटं डावीकडे सरकवायची.

या साऱ्यात भुंगा कुठे होती? टेबलाखाली.

भुंगा म्हणजे ती नऊ वर्षांची लेक. दिवसभर कानाशी गुणगुण आणि दिसेल त्या वस्तूला भोक पाडून आत काय आहे ते बघायची खोड, म्हणून भुंगा. शाळेत दोन वर्षं गेली. प्रगतिपुस्तकात शेरा आला, "शांत, गुणी मुलगी." काचवालीनं पुस्तक उलटंसुलटं केलं. "दुसऱ्याच कुणाचं दिलं का हो चुकून?" मग एकदा शाळेच्या समारंभासाठी पडदे लावायला तिलाच बोलावलं. शिडीवरून समोरचा वर्ग दिसत होता. शेवटच्या बाकावर भुंगा. डावा हात वहीवर, उजवा मांडीवर. काचवाली पाऊण तास पडदा लावत होती. पाऊण तास ते दोन्ही हात तिथेच. असे हात तिला ओळखू यायचे. पुतळ्याचा हात आपण ठेवू तिथे राहतो. जिवंत माणसाचा राहत नाही.

आठवड्याच्या आत तिनं नाव काढून आणलं. नणंदबाईंनी कपाळावर हात मारला, "वहिनी, शाळेत काम करत्येय मी, मला विचारायचंत तरी! उद्या घरीच दवाखाना काढाल." वर्षभरात भुंग्याची गुणगुण मात्र परत आली, आणि आता ती बाईंच्या एका सहीवर अडकली होती.

"आई, हे दुसरं पुस्तक निघत नाहीये," टेबलाखालून वर आलेली भुंगा ओढत होती.

"ओढू नकोस! चिकटवलंय ते."

"का?"

"घसरलं असतं ना."

"मग वाचायचं कसं?"

"सोमवारनंतर."

भुंग्यानं पृथ्वीला बोट लावलं. पृथ्वी हलली नाही. तीन बाजूंनी तंगूस ताणलेला.

"ही फिरत पण नाही."

"चांगली बाजू पुढे आलीय, राहू दे तशीच. आणि ते टेबलाखालचं सगळं उचल बघू. काय पसारा घातलायस!"

पसारा म्हणजे बाबांनी मोडीतून आणलेली लिफ्टची बटणं, वायरी, आणि चार महिने लिहिलेली एक वही. भुंगा त्यांच्या इमारतीच्या लिफ्टवर पाळत ठेवून होती. कुठल्या मजल्यावरून किती वाजता बोलावणं येतं, लिफ्ट यायला किती सेकंद लागतात, सगळं त्या वहीत. काचवालीनं ते एका खोक्यात कोंबलं आणि खोकं पडद्यामागे ढकललं.

रविवारी नणंदबाई डोकावून गेल्या. दारातच थांबल्या. "अगंबाई! वहिनी, दुकानच की हो! भाव काय लावलाय?" काचवाली हसली, पण नणंदबाई जाताच परत शिडीवर चढली. तिनं सूर्यमाला दोनदा काढून दोनदा लावली. पेन्सिली परत मोजल्या. नवरा म्हणाला, "अगं, बस की घटकाभर." ती बसली. उठली. "ती खुर्ची अजून जराशी दाराकडे हवी."

सोमवारी सकाळी साडेनऊला तालीम सुरू झाली.

"बाई आल्या की उठून नमस्कार. मग बस. हात असा वहीवर. हा मांडीवर. नजर बाईंकडे. मागे वळायचं नाही, मागचे तक्ते झाकले जातील. काय विचारलं तर?"

"उत्तर द्यायचं."

"लांबण लावायची नाही."

भुंगा बसली. हात ठेवले. काचवाली दारात गेली, डोळे बारीक केले. सगळं जागच्या जागी होतं. तरी काहीतरी खुपत होतं.

"हसतेस का जरा?"

भुंगा हसली. तेही बरं दिसलं नाही.

"आई, मला कळत नाहीये. तू दाखव ना. आता मी बाई, तू मी."

"वेळ नाहीये गं."

"एकदाच!" आणि भुंगा दाराबाहेर पळालीसुद्धा. घसा खाकरून, बाबांची पिशवी काखेत मारून, ती पाय आपटत दारात येऊन उभी राहिली. "नमस्कार. मी तपासनीस. बसा खाली."

काचवाली त्या लहानशा खुर्चीत बसली. गुडघे हनुवटीला.

"हात!" बाई गरजल्या.

काचवालीनं एक हात वहीवर ठेवला, एक मांडीवर.

"हं. तुमच्या वर्गात काय काय आहे?"

काचवालीनं सांगायला तोंड उघडलं आणि सवयीनं वळली.

"मागे नाही बघायचं! बाईंकडे बघायचं!"

तिनं समोर पाहिलं. समोर दार होतं. दाराशेजारी चपलांचा स्टँड, त्यात नवऱ्याचे तेलकट बूट. वर विजेचा मीटर. भिंतीचा पोपडा. बस. सूर्य, झाडं, पाढे सगळे तिच्या पाठीला. डोळ्याच्या कोपऱ्यातून फक्त पृथ्वीची मागची बाजू दिसत होती, तंगूस बांधायला तिनंच पाडलेल्या भोकांची, त्यावर चिकटपट्टीची फुली.

"रोज इथेच बसायचं?" तिनं विचारलं.

"हो. वर्षभर," बाई म्हणाल्या, आणि मग भुंग्याच्या आवाजात, "तूच लावलंयस ना."

काचवालीनं खाली पाहिलं. तिचे स्वतःचे हात. एक वहीवर, एक मांडीवर. किती वेळ झाला होता कोण जाणे, हललेच नव्हते.

ती ताडकन उठली तशी खुर्ची तिच्या कमरेबरोबरच वर आली.

"अहो! शिडी आणा!"

नवरा अर्धी दाढी करून धावत आला. "काय पडलं?"

"काही नाही. पाडायचंय. किती वाजले?"

"सव्वादहा. अगं, वेडबिड लागलंय का? पाऊण तासात बाई येतायत!"

"म्हणूनच म्हणते, धरा."

मग जे चाललं त्याला धुडगूसच म्हणावं. तक्ते उतरले. टेबल फिरलं. पुस्तकं सुटेनात तेव्हा काचवालीनं नखानं चिकटपट्टी उकरली. दोन मलपृष्ठं फाटली, भुंगा आनंदानं किंचाळली. पडद्यामागचं खोकं आपोआप बाहेर आलं. "आई, झाडाचा तक्ता इथे खाली लाव, मला पोचेल असा." "आणि सूर्य?" "सूर्य नको आत्ता. ही जागा मला लिफ्टला हवीय." काचवालीचा हात सूर्य धरून हवेतच थांबला. अख्खी भिंत लिफ्टला? पण तिनं सूर्य गुंडाळला.

तेवढ्यात बेल वाजली. अकराला दहा कमी.

तपासनीस बाई दारात उभ्या. चष्मा, काखेत फाइल, कपाळावर घाम. मधोमध शिडी, टेबलाची पाठ दाराकडे, जमिनीवर बटणं आणि वायरी, आणि अर्ध्या गालाला फेस लावलेला एक गृहस्थ.

"रंगकाम चाललंय का?"

काचवालीला सांगायचं होतं, शनिवारपासून सगळं होतं हो, कालपर्यंत, अगदी सव्वादहापर्यंत. पण तोंडात चार टाचण्या होत्या.

"मी दारातूनच बघते साधारण," बाई मान उंच करत म्हणाल्या. "आज अजून सहा घरं आहेत. पण इथून तर काहीच दिसत नाही."

"आत या ना," भुंगा म्हणाली. "इथे बसा, माझ्या खुर्चीत. इथून दिसतं."

बाईंनी घड्याळ पाहिलं. उसासा टाकला. चपला काढल्या. शिडीखालून वाकून त्या आत आल्या आणि खुर्चीत बसल्या, गुडघे हनुवटीला. समोर भिंतीवर वहीची चोवीस पानं ओळीनं, वाकडीतिकडी टाचलेली.

"हे काय आहे?"

"आमच्या लिफ्टनं कुठे थांबून राहायचं ते. ती तळमजल्यावर थांबते. पण सगळ्यात जास्त लोक तिसऱ्यावरून बोलावतात."

"तिसऱ्यावरूनच का?"

काचवालीची जीभ टाचण्यांमागे वळवळली. तिथे शिकवणीचा वर्ग आहे, सांग ना, वर्ग! भुंगा पानांवरून बोट फिरवत राहिली. काचवालीनं नवऱ्याकडे पाहिलं, त्यानं छताकडे.

"आधी मला वाटलं, तिथल्या शिकवणीमुळे," भुंगा सावकाश म्हणाली. "पण शिकवणी बंद होती ना दोन आठवडे, तेव्हा पण तेवढेच आकडे आले. मग मी जाऊन बसले तिथे जिन्यावर. तिथला दिवाच गेलाय. लोक अंधारात जिना उतरत नाहीत, लिफ्ट बोलावतात. हे बघा ना, या पानावर..."

मग काही ती थांबली नाही. हात भिंतीवर, वायरींवर, बाईंच्या खांद्यावरसुद्धा. काचवाली नुसती ते हात बघत राहिली. शिकवणीचं तर तिलाही खरंच वाटत होतं.

वीस मिनिटांनी बाई कण्हत उठल्या, पण त्यांनी लगेच फाइल उघडली नाही.

"मागच्या वर्षी मी काय लिहिलं होतं?"

काचवालीनं टाचण्या तळहातावर काढल्या. "दिसत नाही."

"हं." बाईंनी आता फाइल उघडली, लिहिलं, सही केली. "वर्षाची देतेय परवानगी. मात्र पुढच्या वेळी पत्र पाठवणार नाही. अधूनमधून येईन, न कळवता."

"कधी?"

"तेच तर नाही सांगत."

बाई गेल्या. नवरा उरलेल्या गालाकडे वळला. भुंगा म्हणाली, "आई, पृथ्वी सोडव ना," आणि काचवालीनं कात्रीनं तंगूस कापला. भुंगा गोल घेऊन टेबलाखाली गेली.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. वर्ष सुरू झालं होतं. जिन्यात कुणाचं तरी पाऊल वाजलं आणि काचवालीचे डोळे दाराकडे गेले, तिथून वायरींच्या गुंत्याकडे, फाटक्या मलपृष्ठांकडे. हात शिवशिवले. पाऊल वर निघून गेलं. दुसरं आलं. ती लेकीच्या लहानशा खुर्चीत बसली आणि दोन्ही हात तिनं मांड्यांखाली दाबून धरले.