रिकाम्या लेथची रेघ

लेथखाली लोखंडाचा चुरा साचतो, तसे आमच्या रायापूरच्या शेडांत किस्से साचतात. चुरा भंगारवाला तरी नेतो. किस्से कोण नेणार? मी सहावी नापास. जन्म लेथवर गेला, आणि उरलेला वेळ लोकांना छळण्यात. सांगतो, हसा. शेवटी मलाच लाज वाटते ते सोडा.

*

शेडांना स्मार्ट मीटर बसले. शेजारचा वेल्डिंगवाला शिवप्पा त्याचा लुकलुकणारा तांबडा दिवा बघून बिचकला.

"अण्णा, हे काय करतं?"

"फोटो काढतं! बेंगळूरच्या ऑफिसात तुझं तोंड दिसतं."

दुसऱ्या दिवसापासून शिवप्पा आधी केस विंचरायचा, मग वेल्डिंग!

*

मग वीज कंपनीच्या इंजिनिअर मॅडम आल्या. लहान धंद्यांनीही कार्बन कमी करायचा म्हणाल्या. मी शिवप्पाला हळूच सांगितलं, "भिंतीवरची काजळी, तोच कार्बन. सोमवारी त्या मोजणार."

बिचाऱ्यानं रविवारभर साबण लावून शेड घासली!

मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, विजेसाठी कोळसा जळतो, त्याचा धूर वर आभाळात जातो."

शिवप्पानं ब्रश पुढं केला. "मग शिडी द्या की हो!"

*

मॅडमनी मोबाइलवर प्रत्येकाच्या विजेची रेघ दाखवली. काम चालू असलं की रेघ उड्या मारते, मशीन नुसतं रिकामं फिरलं की सपाट चालते. माझी रेघ रोज दुपारी दोन तास सपाट!

"अण्णा, लेथ चालू, काम बंद?"

खरं सांगू? जेवून मी झोपायचो. लेथ रिकामा फिरत ठेवायचो. आवाज ऐकून शेडांची अख्खी रांग म्हणायची, अण्णा किती राबतो!

पलीकडं सरोजाक्काची मिरची कांडायची गिरणी. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "अण्णा, आता घोरण्याचंही बिल येणार!"

सगळे खो खो हसले. मला झोंबलं. छळणाऱ्याला छळलेलं सोसत नाही, बघा.

*

संध्याकाळी सहा ते दहा विजेवर ताण असतो, तेव्हा मशीन बंद ठेवा, असं मॅडमचं सांगणं. सरोजाक्का ते काटेकोर पाळायची. कारण कार्बन कमी करायला निघालेल्या एका मसाला कंपनीनं तिला सांगितलं होतं, तीन महिने संध्याकाळची गिरणी बंद दाखवा, मग वर्षभर आमची मिरची कांडायचं काम तुमचं. शेवटचा आठवडा उरला होता. मला हे माहीत होतं.

आमच्या रांगेत घरी जाताना किल्ली शेजाऱ्याकडं ठेवतात. अक्काची माझ्याकडं. म्हटलं, हिलाही जरा बोलणी बसू देत. एका तासानं काय होतंय! सहाला गिरणी उघडली, रिकामी चालू केली, सातला बंद. हसत घरी!

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मोबाइल पुढं धरला. "अक्का, काल सहा ते सात? आता कंपनीचे तीन महिने परत पहिल्यापासून."

शिवप्पा वाकून बघत म्हणाला, "ही सपाट रेघ ओळखीची वाटते की!"

मी मोबाइलकडं बघायचं सोडून पायाखालचा चुरा चपलेनं सारू लागलो.

अक्का माझ्याकडं बघत राहिली. मग मॅडमना म्हणाली, "मीच बंद करायला विसरले हो."

त्या संध्याकाळी तिनं कुलूप लावलं. मी पुसलेलाच लेथ परत पुसत होतो. ती आली, रोजच्यासारखी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"येते, अण्णा."